थेट मळ्यातून
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दिवेघाट ओलांडला की पुरंदर तालुका लागतो. पुण्याहून सासवड अवघे ३० किलोमीटर. तेथील अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. तरी झाडावर पिकलेले अंजीर आपल्यापैकी कितीजणांनी चाखले असेल? हे फळ मोठे मानी! आंब्याप्रमाणे ते अढीत पिकत नाही. कच्चे तोडले तर गोडी भरत नाही, पिकलेले तोडले तर दोन दिवसांत नासू लागते. म्हणून दूरच्या बाजारासाठी ते आधीच उतरवतात आणि दोष मात्र अंजिरास लागतो. सीताफळाचे तसे नाही; डोळे उघडलेले फळ घरी खुशाल पिकते.

त्याच वर्षी आपल्या राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक मिळाली. मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती आपल्याच ठायी आहे. आपण मळ्यावर जातो, निवडक फळ घेतो आणि भाव मात्र मंडईहून उणा मागतो. अवकाळी पावसाने माल डागाळला की तिकडे फिरकतही नाही. आडत्याच्या गाळ्यावर निदान बरावाईट सारा माल उतरतो!

यास्तव दहा-बारा कुटुंबांनी मिळून एकाच बागायतदाराशी हंगामापुरता करार करावा. भाव आधी ठरवावा, काही रक्कम आगाऊ द्यावी, डागी फळही कमी दराने घ्यावे. मीठा बहार उन्हाळ्यात येतो. बोलणी संक्रांतीपूर्वी व्हावीत. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेनंतर चिटणिसांकडे नावे नोंदवावीत.