दात काढल्यानंतरचे चार दिवस
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



दाढ निघाली म्हणजे सुटलो, असे समजून मनुष्य घरी येतो आणि पुढच्या चार दिवसांचा विचारच करीत नाही. मीही केला नव्हता. काही वर्षांपूर्वी माझी खालची दाढ काढण्यात आली. तोंडात रक्ताची चव येत होती, म्हणून मी सायंकाळपर्यंत वारंवार थुंकत आणि चुळा भरत राहिलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री मात्र अशी कळ उठली की ती थेट कानाला भिडली. घरात पूर्वीच्या आजारातील प्रतिजैविकाच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. उपयोग शून्य! पाचव्या दिवशी दंतवैद्यांनी खळगी धुऊन तीत औषधाची पट्टी बसविली, तेव्हा कोठे ठणका उतरला.

घडले होते ते असे. दात निघाल्यावर हाडातील रिकाम्या खळगीत रक्ताची गुठळी धरते. ती जखमेचे झाकणच होय. थुंकण्याने, चुळा भरण्याने किंवा विडी ओढण्याने ती निसटली, तर आतील हाड उघडे पडते. यास दंतवैद्यकात ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. प्रतिजैविकाने ही व्यथा बरी होत नाही. उरलेल्या गोळ्यांचा मोह आपण सुशिक्षितांनाच अधिक असतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

तेव्हा दंतवैद्यांनी दिलेला बोळा अर्धा तास घट्ट चावून धरावा. पहिले चोवीस तास थुंकू नये, लाळ गिळावी. ती किंचित तांबूस असली तरी घाबरू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या कराव्यात. दुखण्यावर सांगितलेलीच गोळी घ्यावी; ॲस्पिरिनने रक्तस्राव लांबतो, ती आपल्या मनाने घेऊ नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते दात काढण्यापूर्वीच सांगावे, परस्पर बंद करू नये.

आता मशेरीविषयी. दाढ दुखली की मशेरी लावावी, ही आपल्या खेड्यांतील, विशेषतः स्त्रियांमधील, जुनी रीत. दाढ काढल्यावरही तेच बोट त्याच जखमेवर फिरते. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. पण मशेरी तर घरच्या तव्यावर भाजली जाते. निदान जखम भरेपर्यंत ती दूर ठेवा, हे शिक्षिका व महिला सदस्या घरात बसून जसे सांगू शकतील, तसे आमचे पत्रक सांगू शकणार नाही.

सूज दोन-तीन दिवस राहते, मग उतरू लागते. त्यानंतरही ती वाढत असेल, ताप असेल किंवा तोंड उघडत नसेल, तर त्याच दिवशी दंतवैद्यांकडे जावे. नवा बोळा अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आणि सूज जबड्याखाली वा जिभेखाली उतरून गिळणे किंवा श्वास घेणे कठीण झाले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. श्वासमार्ग बंद होऊन प्राण जाऊ शकतो. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जवळच्या शासकीय रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात, याची चौकशी करून ती माहिती पंचायतीच्या फलकावर लिहावी, एवढी विनंती करतो.