हळदीची कॅप्सूल, मेथीचं पाणी आणि डॉक्टरांची गोळी

 

"झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय अपाय होतोय?" असं आपण सहज म्हणतो. पण ज्यात गुण असतो ते अंगात काहीतरी करतंच. तेच काम गोळीही करत असेल, तर दोघांचा जोर एकत्र येतो.

साखरेचंच घ्या. सकाळी उपाशीपोटी मेथीचं पाणी, वर पेलाभर कारल्याचा रस. साखर थोडी उतरते, खोटं नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि भाकरी न खाता तुम्ही खुरपायला गेलात, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. बाकीच्या म्हणतात, ऊन लागलं! शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट गाडी बोलवा, १०८ ला फोन करा. कारल्याची भाजी मात्र खुशाल खा. सांभाळायचं ते रोजच्या रसाला.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्याबद्दल वाईट कोण बोलेल? आमटीतली चिमूटभर हळद कुणाला बाधत नाही. कॅप्सूलची गोष्ट निराळी. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीन-चार भाग असतं, कॅप्सूलमध्ये त्याचाच अर्क भरलेला असतो. वर अंगी लागावा म्हणून मिऱ्याचा अर्क घालतात, आणि तो इतर औषधांचं प्रमाणही रक्तात वाढवू शकतो. हृदयाची झडप बदललेली बाई रक्त पातळ करणारी गोळी घेत असते. तिनं ही कॅप्सूल सुरू केली तर हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाण्याची भीती असते. त्याच गोळीवर असणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण आठवडाभर काही नाही आणि मग चार दिवस शेवग्याचा पाला, असंही करायचं नाही. प्रमाण रोजचं सारखं हवं.

आशाताईंनी दिलेली लोहाची लाल गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मं लोह वायाच जातं म्हणा ना. चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. लोह-कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी.

ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी जेष्ठमधाचं चूर्ण रोज चघळू नये, दाब वाढतो.

डॉक्टर रागावतील म्हणून आपण काढे लपवतो. पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा गोळ्यांच्या पिशवीतच चूर्णाची डबी आणि कॅप्सूलची बाटली टाका, आणि टेबलावर सगळं एकदम मांडा. ऑपरेशन ठरलं असेल किंवा दाढ काढायची असेल तर आधीच दाखवा. आणि काढा लागू पडला असं वाटलं तरी गोळी आपल्या मनानं सोडू नका, आधी तपासणी करून घ्या.