हत्यारांचे खण



‘घरांत हातोडा आहे काय?’ असा प्रश्न कोणत्याहि सुस्थित कुटुंबांत विचारला, तर ‘आहे तर!’ असें उत्तर तत्काळ मिळतें. ‘कोठें आहे?’ असा दुसरा प्रश्न विचारतांच मात्र मंडळींत मतभेद उत्पन्न होतात. एकाच्या मतें तो माळ्यावरील डब्यांत असतो; दुसऱ्याच्या मतें गणपतीच्या आराशीच्या वेळीं तो बाहेर काढला होता, तेव्हांपासून तो दिसलाच नाहीं; तिसऱ्याच्या मतें तो शेजाऱ्यांकडे आहे. हा वाद चालूं असतां ज्याला खिळा मारावयाचा असतो तो गृहस्थ वरवंट्यानें तो मारून मोकळाहि झालेला असतो.

हातहत्यारें खणांच्या पेटींत कशीं लावून ठेवावीं, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. हा विषय सुताराचा किंवा कारखान्यांतील फिटरचा, आपणां पांढरपेशांचा त्याच्याशीं काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. परंतु सुताराला या बाबतींत उपदेशाची गरज नसते. अंधारांतहि त्याचा हात नेमका पटाशीवर पडतो, कारण तीं हत्यारें त्याच्या एकट्याच्या हातांतलीं असतात. घरांतील पेटीची गोष्ट निराळी आहे. ती चारचौघांच्या हातांतली असते; आणि ज्या दिवशीं तिची खरी निकड लागते, त्या दिवशीं ती लावणारा गृहस्थ बहुधा परगांवीं असतो.

रात्रीं अकरा वाजतां न्हाणीघरांतील नळाचा जोड निसटून पाण्याची धार सुरू झाली आहे, घरांत वृद्ध सासूबाई, सूनबाई व एक शाळकरी मुलगी एवढींच माणसें आहेत, अशी कल्पना करा. पाना घरांत आहे. चांगला, भारी किंमतीचा पाना आहे. परंतु तो ज्या क्रमानें ठेवला आहे तो क्रम एकाच्याच डोक्यांत आहे, आणि तें डोकें त्या वेळीं आगगाडींत निजलेलें आहे. अशा वेळीं त्या पान्याची किंमत लोखंडाच्या तुकड्याहून अधिक राहत नाहीं. मांडणीची माझी कसोटी हीच आहे. ज्यानें हत्यारें लावलीं नाहींत, त्याला तीं न विचारतां सांपडलीं पाहिजेत.

सर्व अवजारें एका पेटींत एकत्र टाकण्याची रीत फार प्राचीन आहे. १९३६ सालीं स्वीडन देशाच्या गॉटलंड बेटावर, मास्टरमीर नांवाच्या दलदलीच्या जागीं, शेत नांगरतांना ओकच्या लांकडाची एक पेटी फाळाला लागली. ती व्हायकिंग लोकांच्या काळची निघाली. तिच्यांत लोहाराचीं व सुताराचीं मिळून दोनशेंहून अधिक अवजारें व वस्तु होत्या; करवती होत्या, हातोडे होते, कानशी होत्या. त्या कारागिराचें कांहीं अडत नसेल. परंतु पेटींत खण नव्हते, म्हणजे कोणती वस्तु कोणत्या थराखालीं आहे हें ज्ञान त्याच्यापाशींच होतें.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडांतलें आहे. केंट परगण्यांतील चॅटम येथील बेंजामिन सीटन या तरुणाला त्याच्या वडिलांनीं १७९६ सालीं सुतारकामाचीं उत्तमोत्तम हत्यारें घेऊन दिलीं, आणि त्यानें त्यांच्यासाठीं स्वतःच्या हातानें पेटी बनविली. ती आज रॉचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयांत आहे. बाहेरून साधी, आंत मात्र सरकते खण व ज्याच्यात्याच्या मापाच्या खोबणी. परंतु खणांहूनहि मला मोलाची वाटते ती त्या हत्यारांची हस्तलिखित यादी. दोनशेंहून अधिक वर्षांनंतर परक्या माणसालाहि त्या पेटींत काय काय असावयास हवें हें सांगतां येतें, तें त्या यादीमुळें. या सीटन महाशयांनीं तीं हत्यारें फारशीं वापरलेलीं दिसत नाहींत, ही गोष्ट मीं येथें दडवून ठेवणें बरें नव्हे. पेटी लावण्याच्या छंदाला एवढा धोका आहेच!

दुसरी एक पेटी जगांत याहून कितीतरी प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत पियानो बनविणाऱ्या हेन्री स्टडली या कारागिरानें (१८३८–१९२५) ती केली. भिंतीवर टांगावयाची ही पेटी बंद केली असतां सुमारें ४० इंच उंच व २० इंच रुंद. परंतु तेवढ्यांत सुमारें ३०० हत्यारें बसविलेलीं आहेत. महागनी, शिसवी, हस्तिदंत आणि शिंपला यांची कलाकुसर पाहून माणूस थक्क होतो. मात्र आपण तिचें अनुकरण करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. एका थराच्या मागें दुसरा थर, त्याच्या मागें तिसरा. वरचा उघडल्यावांचून खालचा दिसत नाहीं. आणि प्रत्येक जागा इतकी नेमकी कोरलेली कीं, उद्यां एक नवा पाना विकत आणला तर त्याला तेथें बिऱ्हाड मिळणें कठीण! घरच्या पेटींत प्रत्येक खणाचा चौथा भाग रिकामाच राखावा.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळूं. बहुतेक लोक हत्यारें जातवारीनें लावतात. सगळे हातोडे एके ठिकाणीं, सगळ्या पकडी दुसऱ्या ठिकाणीं. ही दुकानदाराची मांडणी झाली. त्याला ‘पकड दाखवा’ असें सांगणारें गिऱ्हाईक येतें. घरांत ‘पकड पाहिजे’ असें प्रथम कोणी म्हणत नाहीं. ‘नळ गळतो आहे’, ‘दिवा गेला’, ‘दाराची बिजागरी सैल झाली’ असें म्हणतात. म्हणून खणहि त्याच नांवाचे असावे. एक खण पाण्याचा: त्यांत नळाचे पाने, वाशर व आट्यांवर गुंडाळावयाची पांढरी फीत. एक खण विजेचा: त्यांत टेस्टर, जाड आवरणाच्या मुठीची पकड, तार सोलण्याचें हत्यार व चिकटपट्टी. एक खण लांकडाचा: त्यांत पटाशी, लहान रंधा, कानस, गिरमिट व गुण्या. खणाच्या तोंडावर ‘पाणी’, ‘वीज’, ‘लांकूड’ अशीं नांवें ठळक अक्षरांत चिकटवावीं. हीं नांवें शाळकरी मुलीलाहि वाचतां येतात. ‘पाने व तत्सम’ असें लिहिल्यानें तिला कांहींच बोध होत नाहीं.

यावर हुशार माणूस विचारील, ‘स्क्रूड्रायव्हर तर तिन्ही कामांस लागतो, तो कोणत्या खणांत?’ त्याचें उत्तर असें कीं, जें सर्वांस लागतें तें सर्वांत वरच्या खणांत. मोजपट्टी, पेन्सिल, दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, एक पकड आणि एक हलकी हातोडी एवढ्यांनीं घरांतील बरींचशीं कामें भागतात. स्क्रूड्रायव्हरांच्या मुठी आडव्या ठेवल्यावर सारख्याच दिसतात. म्हणून चपट्या तोंडाच्या मुठीस लाल रंगाचें एक कडें व ज्याला बाजारांत ‘स्टार’ म्हणतात त्या चौफुली तोंडाच्या मुठीस पांढरें कडें रंगवावें. जड घण, मोठे पाने, लोखंडी छिन्न्या यांचें स्थान तळच्या खणांत. हें केवळ सोयीसाठीं नव्हे. वरचे दोन भरलेले खण एकाच वेळीं बाहेर ओढले, तर पेटीचा तोल पुढें जाऊन ती अंगावर येते. याच भयानें कारखान्यांतील कित्येक पोलादी कपाटांत एक खण उघडा असतां दुसरा उघडूं नये अशी कळ बसविलेली असते. आपल्या पेटींत ती नसली, तर ती शिस्त हातालाच लावून घ्यावी.

खण उथळ असावे. दोन-अडीच इंचांची खोली पुष्कळ झाली. खोल खणांत दुसरा थर सांचतो, आणि दुसरा थर सांचला कीं मास्टरमीरची पेटी पुन्हां अवतरली म्हणून समजावें.

पान्यांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण तेथें फसगत होते. आपल्या देशांत दशमान मापें १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें रूढ झालीं. तथापि जुन्या घरांत, जुन्या यंत्रांत व सायकलींत इंचांचे बोल्ट अजून भेटतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो, परंतु सैल बसतो. जोर केला कीं बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजतात, आणि मग तो कोणत्याच पान्याला दाद देत नाहीं. उलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तेथें १९ चा पाना बिनधोक चालतो. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यांवर तर पान्याच्या तोंडाचें नव्हे, बोल्टाच्या जाडीचें माप कोरलेलें असतें. नळांची कथा याहून न्यारी! ‘अर्धा इंची’ लोखंडी नळ बाहेरून मोजला तर सुमारें २१ मिलिमीटर भरतो. म्हणून इंचाचे व मिलिमीटरचे पाने एका रांगेंत कदापि मिसळूं नयेत. दोन रांगा कराव्या, मधें लांकडाची पट्टी ठोकावी आणि प्रत्येकाच्या जागेवर त्याचा अंक लिहावा.

आतां ज्या युक्तीमुळें मांडणी टिकते ती सांगतों. विमानें दुरुस्त करण्याच्या शाळांत हत्यारांचे खण दुरंगी मऊ पत्र्यानें भरलेले असतात. वरचा रंग काळा, खालचा भडक. प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा वरच्या थरांत कापलेला. हत्यार उचललें कीं भडक रंग दिसूं लागतो. पाळी संपतांना एकहि भडक जागा उरली, तर तें हत्यार सांपडेपर्यंत विमान उडूं देत नाहींत. कारण तें कदाचित् यंत्राच्या पोटांत राहिलें असेल. शस्त्रक्रियागृहांत चिमटे व कात्र्या मोजून घेतात आणि जखम शिवण्यापूर्वीं पुन्हां मोजतात, तें याच कारणानें. आपल्या घरीं एवढा खटाटोप नको. जुन्या दिनदर्शिकेचा पाठकोरा कागद खणाच्या तळाशीं अंथरावा, हत्यारें त्यावर नीट मांडावीं व प्रत्येकाभोंवतीं पेन्सिल फिरवून त्याची आकृति काढावी. अर्ध्या तासाचें काम आहे, आणि मुलांना तें फार आवडतें. मग हातोडी परत आली नाहीं तर कोणी सांगावें लागत नाहीं. तिची रिकामी आकृति खण उघडणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत असते. शेजारी कांहीं मागावयास आले, तर नाहीं म्हणूं नये. त्या आकृतीवर चिठ्ठी ठेवावी, ‘जोशी, तळमजला, मंगळवार’. चिठ्ठी पाहून मागावयास जाणाऱ्यास संकोच वाटत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे.

धारेचीं हत्यारें मुठी आपल्याकडे व धार पलीकडे अशीं ठेवावीं आणि धारेवर चामड्याचें किंवा जाड पुठ्ठ्याचें टोपण घालावें. लहान मुलांच्या घरांत लांकडाच्या खणाला कुलूप अवश्य असावें. पाण्याच्या खणाला मात्र तें कधींहि नसावें. सबंध पेटीला एकच कुलूप लावून किल्ली खिशांत घालून फिरणारे सावध गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांच्या सावधपणाचा उपयोग चोरांपेक्षां घरच्या माणसांविरुद्धच अधिक होतो.

राहिला गंज. मुंबई-कोंकणांतील पावसाळा हा लोखंडाचा वैरी. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली कीं गंज वेगानें चढतो, आणि आपल्याकडे चार महिने ती बहुधा वरच असते. परदेशी पेट्यांच्या खणांना हिरव्या बनातीचें अस्तर असतें; दिसावयास तें देखणें, परंतु दमट हवेंत तें ओल धरून ठेवतें. आपण तें टाळावें. हाताच्या घामांत मीठ असतें, म्हणून वापरलेलें हत्यार कोरड्या फडक्यानें पुसल्यावांचून जागेवर ठेवूं नये. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. घरांत आहे म्हणून खोबरेल लावण्याचा मोह होतो. तें कालांतरानें खवट होतें, आणि खवट तेलांतील आम्ल लोखंडाला बाधक असतें. जवसाचें तेल तर वाळून चिकट कवच बनतें.

आपल्याकडे या कामाला पंचांगांत दिवसहि नेमून दिलेला आहे. आश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी, या दिवशीं कारागीर आपलीं हत्यारें धुऊनपुसून, तेल लावून पूजेला मांडतात. तो पावसाळा सरण्याचा काळ. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें पाहावा. परंतु वर्षांतून एकदां प्रत्येक हत्यार हातीं घेऊन पाहणें, गंज काढणें, धार लावणें व काय हरवलें हें ध्यानांत घेणें, याला याहून सोईचा मुहूर्त मला सुचत नाहीं. त्याच दिवशीं खणांतील कागद बदलून नव्या आकृत्या काढाव्या, म्हणजे वर्षभरांत आलेल्या नव्या हत्यारांनाहि जागा मिळते.

आणि सीटनच्या पेटीप्रमाणें झांकणाच्या आंतल्या बाजूस यादी चिकटवावी. ती पेटी लावणाऱ्यानें स्वतः लिहूं नये. घरांतील जें माणूस हत्यारांना कधीं हात लावीत नाहीं, त्याला खण एकेक उघडून दाखवावे व त्याच्याकडून ती लिहवून घ्यावी. एखाद्या वस्तूचें नांव त्याला ठाऊक नसेल, तर ‘नळ फिरवावयाचा लांब पाना’ असें त्याच्या शब्दांत लिहूं द्यावें, तें सुधारूं नये. यादी शिसपेन्सिलीनें लिहावी. वस्तु खणांतून खणांत हालतात, आणि शाईनें लिहिलेली यादी दुसऱ्या वर्षीं खोटी ठरते.