गॅस्केट बदलताना

(बागबाजार, कोलकाता येथे रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल चक्ररेलच्या बागबाजार स्थानकावर उतरून आम्ही घाटाकडून येत होतो. गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या पेट्रोल अँबॅसेडरचे बॉनेट उघडे होते. रेडिएटरात बुडबुडे येत होते, तेलाची दांडी दुधाळ झाली होती. आमच्यातल्या मेल मोटरवाल्यांनी न विचारताच निदान केले: हेड गॅस्केट उडाले.

ही गाडी नदीपलीकडे उत्तरपाड्याला होत असे. हावडा-बर्धमान मार्गावरचे हिंद मोटर स्थानक त्याच कारखान्याच्या नावाने ओळखले जाते. मे २०१४ मध्ये तेथील काम थांबले आणि दोन हजारांवर कामगार घरी बसले. गाड्या मात्र अजून रस्त्यावर आहेत, त्या अशा मिस्त्रींच्या जिवावर.

मिस्त्री जाणता होता. इंजिन गार होऊ दिले, पाणी काढले, मगच नटांना हात लावला. या इंजिनात रॉकर धरणारे चार मोठे नट हेडही धरतात. तेवढेच सोडले तर हेडवर एकतर्फी ताण येऊन ते वाकते. म्हणून त्याने सगळेच थोडे थोडे सैल केले.

हेड निघाले आणि आम्हाला राहवेना. हाताखालचा पोरगा जुने गॅस्केट कोरडेच खरवडत होता आणि धूळ तोंडाने फुंकत होता. जुन्या गॅस्केटात तांब्याच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. ‘इतकी वर्षे करतोय, काही झाले नाही,’ मिस्त्री म्हणाला. हेच उत्तर आपल्या शेडमध्येही ऐकू येते. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवरचे वेष्टण आठवा.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्क मानला. त्याच्या तपासणीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे उशिरा संपेल तोवर ठेवा, असा आदेश दिला. पण फुटपाथवरच्या पोराची नोंद कोण ठेवणार? आणि आपल्या वर्कशॉपात जुने पॅकिंग काढणाऱ्या कंत्राटी माणसाची? हा प्रश्न पुढच्या बैठकीत लेखी मांडायचा आहे.

आम्ही पाणी मागवले. गॅस्केट भिजवून खरवडले, ओल्या फडक्याने पुसले, हवेचा फवारा मारू दिला नाही. कचरा पिशवीत घट्ट बांधला. मालक घड्याळ पाहत होता, पाहू दे.

मग सपाट पट्टी धरून हेड तपासले. नवे गॅस्केट वरची आणि पुढची बाजू पाहून बसवले. नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. इंजिन तापवून, गार करून पुन्हा एकदा पाना फिरवला आणि टॅपेटचे अंतर नव्याने लावले. तोवर संध्याकाळ झाली होती. पोराने बांधलेली पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवली होती. ती आम्ही बरोबर घेऊन आलो आहोत, इथे टेबलाखाली आहे.