पाटीवरचा चेहरा आणि पुडीची मागची बाजू

(चंद्रपुरात ग्राहक जागृतीच्या बैठकीत एका निवृत्त किराणा दुकानदाराने केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. तीस वर्षं किराणा विकला. आधी आठवडी बाजारात, मूल, सिंदेवाही, चामोर्शी असं फिरून, आणि नंतर मोहल्ल्यात दुकान टाकून. त्यामुळे जाहिरातीबद्दल मी जे सांगणार आहे ते काउंटरच्या मागून पाहिलेलं आहे. त्यात माझाही दोष आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

माझ्या दुकानाला पाटी नव्हती. एक दिवस एका कंपनीचा एजंट आला. म्हणाला, चाचा, पाटी फुकट करून देतो, तुम्ही फक्त जागा द्या. कंपनी कोणती ते सांगत नाही, अशा बऱ्याच होत्या. पाटी आली. दोन तृतीयांश जागेवर सिनेमातल्या हिरोचा चेहरा आणि पान मसाल्याचं नाव. उरलेल्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव. मला तेव्हा अभिमान वाटला. एवढा मोठा माणूस माझ्या दुकानावर!

मग जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारने गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी घातली. मला वाटलं पाटी काढावी लागेल. पण कंपनीचा पेंटर आला आणि त्याने एकच शब्द बदलला. ‘पान मसाला’ खोडून ‘इलायची’ लिहिलं. नाव तेच, रंग तोच, अक्षराचं वळण तेच, चेहराही तोच. आणि लोक माझ्याकडे येऊन इलायची मागत होते का? नाही. ते पाटीकडे बोट दाखवून जे मागायचं तेच मागत होते.

कायद्याच्या भाषेत याला छुपी जाहिरात म्हणतात. ज्या मालाची जाहिरात करता येत नाही, त्याच्याच नावाने दुसरा निरुपद्रवी माल काढायचा आणि त्याची जाहिरात करायची. तंबाखूच्या जाहिरातीवर २००३ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून इलायची. दारूच्या जाहिरातीला परवानगी नाही, म्हणून सोडा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून होती, ती २०२१ मध्ये उठवली. पण बंदीच्या त्या काळात क्रिकेटची मॅच लावली की तीच नावं घरात येतच होती. बंदी दुकानाच्या दारापर्यंत पोचते, टीव्हीला तिचा काही अडथळा नाही. एटापल्लीकडच्या ज्या गावात डॉक्टर पोचायला दिवस लागतो, तिथे हिरो मोबाइलवर रोज संध्याकाळी पोचतो.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. दहावी झाल्यावर माझ्याच दुकानात बसायचा. काउंटरवरची पुडी फोडायला लागला. मी एकदा टोकलं तर म्हणाला, ‘मामू, इसमें तंबाखू थोडी है. टीवी पे बताते ना.’ मी गप्प बसलो. पुडीवर खरंच लिहिलेलं होतं, तंबाखू नाही म्हणून. चार-पाच वर्षांनी त्याला तिखट सहन होईना. मग भाकरीचा घास मोठा घेता येईना. नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी त्याला आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं गेलं नाही. आतली कातडी ताठ होऊन जबडा आवळत जातो, हा आजार सुपारीचा. तंबाखू लागतच नाही त्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे की तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसाला कर्करोग करणारी आहे. म्हणजे ‘तंबाखू नाही’ हे वाक्य खोटं नव्हतं. खरं सांगून फसवता येतं, हे मी तेव्हा शिकलो. भाचा आता ते खात नाही, पण तिसरं बोट अजून जात नाही.

काही जण मनात म्हणत असतील, आपल्याकडे तर खर्रा चालतो, त्याची कुठे जाहिरात असते? बरोबर आहे. पानठेल्यावर पन्नीत घोटून दिलेल्या खर्ऱ्यासाठी कोणी हिरो नाचत नाही. ती सवय आपण एकमेकांनाच लावली. शेतावर, लग्नात, जुम्म्याच्या नमाजनंतर ठेल्यावर उभं राहून. महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ माणसं चघळायची तंबाखू खातात, हा २०१६-१७ च्या सरकारी पाहणीचा आकडा. तो सगळा जाहिरातीच्या डोक्यावर टाकणं बेइमानी होईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने सरकार आणि टाटा ट्रस्टला सोबत घेऊन २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवलं, तेही गावागावात बसून. कारण सवय गावातच आहे. पण पोराला तुम्ही ‘थुंकू नको, खाऊ नको’ म्हणता, आणि त्याच वेळी पडद्यावर सूट घातलेला माणूस ऐटीत तोंडात काहीतरी टाकतो, तेव्हा तुमचं बोलणं खेडवळ ठरतं. चेहऱ्याचं काम एवढंच, तुमच्या हटकण्यातला दम काढून घेणं.

आता या मोठ्या लोकांनी स्वतः काय केलं ते पाहू. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन ‘कमला पसंद’च्या जाहिरातीतून बाहेर पडले आणि पैसे परत केल्याचं सांगितलं. ही छुपी जाहिरात ठरते हे करार करताना ठाऊक नव्हतं, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार ‘विमल इलायची’च्या जाहिरातीत दिसले, लोक चिडले, त्यांनी काही दिवसांत माफी मागितली आणि मिळालेले पैसे चांगल्या कामाला देईन म्हणाले. माफी मागितली ते चांगलंच केलं. पण त्याच निवेदनात असंही होतं की कराराची मुदत संपेपर्यंत कंपनी जाहिरात दाखवू शकते. म्हणजे माणूस माफी मागून घरी गेला आणि चेहरा कामावर राहिला. भाचा ती माफी वाचत नाही, तो जाहिरात पाहतो.

उलट उदाहरणही आहे. पुलेला गोपीचंद २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन जिंकले, त्यानंतर त्यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. स्वतः पीत नाही ते दुसऱ्याला कसं सांगू, एवढा साधा हिशोब. त्या वेळी ते काही गडगंज नव्हते.

आपल्यात भांडण झालं, साक्षीदार उभा राहिला, आणि कळलं की त्याने साक्षीचे पैसे घेतले आहेत, तर त्याची साक्ष आपण धरतो का? मग पुडीच्या बाबतीत कशी धरतो?

आणि ते पैसे देतं कोण? मी कंपनीच्या स्कीमा पाहिल्यात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा पैसा गावात आला की एजंट आठवडाभर आधी माल भरून जायचे. त्यांना हंगाम आपल्यापेक्षा जास्त पाठ. हिरोची फी, पाटी, दुकानदाराला मिळणारी भेटवस्तू हे सगळं पुडीच्याच किमतीतून निघतं. पाच रुपयांची पुडी पाच रुपयांचीच राहते, आतले ग्रॅम कमी होत जातात. गिऱ्हाईक किंमत पाहतं, वजन पाहत नाही. आतल्या बाजारांत तर आणखी गंमत. लोक रंगावरून माल मागतात, ‘ती लाल पुडी द्या’. मग कोणीतरी तोच रंग, तसंच नाव, एक अक्षर इकडेतिकडे करून माल आणतो. चेहरा पाहून घेणाऱ्याला नक्कलही चेहरा पाहूनच विकली जाते.

बायांना एक सांगायचं आहे. पोराला उंची वाढवणारी पावडर दुधात घालून देता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना कळवलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. डबा उलटा करा, साखर किती ते पाहा. त्या पैशात अंडी किती येतात ते मी दुकानदार असून सांगतो, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

गोरं करणाऱ्या क्रीमचंही तसंच. दिल्लीतल्या एका माणसाने २०१३ मध्ये ७९ रुपयांची ट्यूब घेतली. शाहरुख खान जिची जाहिरात करायचे ती. गोरा झाला नाही, म्हणून ग्राहक मंचात गेला. कंपनीचं म्हणणं, नुसती क्रीम पुरत नाही, चांगला आहार, व्यायामही लागतो. हे जाहिरातीत कुठे होतं? डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या ग्राहक आयोगाने कंपनीला साडेचौदा लाखांचा भुर्दंड लावला. अकरा वर्षं लागली, हेही खरं. आपल्या मुलींना लग्नासाठी पाहायला आलेले लोक जे बोलून जातात, त्याच्यावर ही ट्यूब विकली जाते. ती चूक क्रीमवाल्यांची कमी आणि आपली जास्त.

कायदा आता थोडा बरा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २१. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर चेहरा देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पहिल्यांदा एक वर्ष, नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीही होऊ शकते. ज्याने माल आधी नीट तपासला असेल तो सुटतो. जून २०२२ च्या नियमांनी छुप्या जाहिरातीलाही मनाई केली. तरी मॅचमध्ये इलायची दिसतेच, तेव्हा कायद्यावर फार विसंबू नका. कोट्यवधी घेणाऱ्याला दहा लाख म्हणजे आपल्याला पार्किंगचा दंड.

पण तक्रार करा. १९१५ नंबर लिहून घ्या, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. बिल मात्र लागतं, आणि बिल मागितलं की दुकानदार तोंड वाकडं करतो. मीही करायचो. तरी मागा.

माझी पाटी मी काढली. भाच्याचं कळल्यावर, आधी नाही. नंतर तो एजंट दोनदा येऊन गेला, नवीन पाटी देतो म्हणत होता, आता चेहरा दुसरा होता.

तर, तुम्हाला येताना घरातली एक-एक पुडी, डबा, ट्यूब आणायला सांगितलं होतं. काढा. पुढची बाजू खाली ठेवा. ज्यांना अक्षरं बारीक दिसतात त्यांनी शेजारच्या पोराकडून वाचून घ्या, वजनापासून सुरुवात करू.