दोरी कुणाच्या हाती?

श्रोतेहो, मुलगा स्काउटमध्ये गेला आणि त्याच्या सरांनी विचारलं, "शिबिराला मदतीला याल का?" आपल्याकडे हे काम बहुधा शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. मी हो म्हणालो. मनातला हेतू एवढाच, की लेकावर लक्ष राहील.

पहिल्याच संध्याकाळी वारा सुटला. त्याच्या संघाचा तंबू कलंडू लागला. मी धावत जाऊन दोरी धरली. तो हळूच म्हणाला, "अब्बा, आमचा संघनायक आहे ना!" संघनायक असेल तेरा वर्षांचा. त्यानं खुंटी पुन्हा ठोकली, दोरी ताणली. वेळ लागला, पण तंबू उभा राहिला.

१९०७ साली ब्राउन्सी बेटावर बेडन पॉवेल यांनी पहिलं शिबिर घेतलं. तिथंही मुलांच्या तुकड्यांचे नायक मुलगेच होते. बेडन पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्याही त्या शिबिरात होता.

त्या रात्री मुलांनी मला रीफ गाठ शिकवली. जखमेच्या पट्टीला हीच मारतात. नीट बसते, आणि एक टोक उलटं ओढलं की सहज सुटते.

पुढं मुलानं स्काउट सोडलं. मी मात्र आणखी तीन वर्षं शिबिराला जात राहिलो. पालकहो, तुम्हीही जा. फक्त आपल्या पोरापुरतं जाऊ नका.