मैदानाचा माळी आणि त्याचें शिक्षण

एखादा सामना संपला म्हणजे खेळाडूंचीं नांवें घरोघर पोंचतात. पंचांच्या निर्णयांचीही चर्चा होते. परंतु ज्यानें पहाटे मैदानावर पाणी मारलें, रूळ फिरविला, फक्कीनें रेघा आखल्या, त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. त्याची आठवण होते ती मैदान बिघडल्यावर. २७ डिसेंबर २००९ रोजीं दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर भारत व श्रीलंका यांचा एकदिवसीय सामना चालू असतां चेंडू असा बेभरंवशाचा उसळूं लागला कीं, खेळाडूंस इजा होण्याच्या भीतीनें खेळ अर्ध्यावर थांबवावा लागला. आणि पुढें वर्षभर त्या मैदानास आंतरराष्ट्रीय सामन्यांची मनाई झाली. राजधानीची ही कथा. मग जिल्ह्याच्या मैदानावर खोखो खेळणाऱ्या मुलीच्या घोट्याची काळजी कोणीं वाहावी?

नंदुरबार जिल्ह्याचें उदाहरण घ्यावें. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून तो वेगळा झाला. विभाग, जिल्हा व तालुका अशा तीन पायऱ्यांवर क्रीडासंकुलें उभारावींत, हें महाराष्ट्र शासनाचें धोरण आहे. तें योग्यच होय. परंतु भिंती व प्रेक्षागार उभें राहिलें म्हणजे मैदान तयार झालें असें नव्हे. तापीकांठची जमीन काळी, कपाशीची. ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. उलट सातपुड्याच्या चढावर अक्राणी महालांत माती उथळ आणि खडकाळ. एकाच जिल्ह्यांत जमिनीचे असे दोन स्वभाव असतां मुंबईहून आलेलें एकच छापील टिपण दोन्हीकडे कसें उपयोगी पडावें?

येथें एक गोष्ट मोठी अनुकूल आहे. मैदानावर काम करणारा माणूस बहुधा शेतकऱ्याच्या घरांतला असतो. वाफसा म्हणजे काय, हें त्यास शिकवावें लागत नाहीं. रूळ फिरविण्याचें मर्मही ह्या वाफशांतच आहे. माती फार ओली असली तर ती रुळास चिकटून निघते. फार सुकली तर वरून कितीही वजन फिरवा, ती दबत नाहीं. मात्र शेतकरी माती भुसभुशीत करतो, तर खेळपट्टी करणारा तीच माती घट्ट करतो. शेतांत ज्या हरळीचा उच्छेद करावयाचा, तीच मैदानावर जपावयाची, कारण तिच्या मुळ्या माती धरून ठेवतात. जुन्या ज्ञानास अशी उलटी दिशा देणें हाच ह्या शिक्षणाचा पहिला धडा होय.

शारीरिक शिक्षण देणाऱ्या शिक्षकांसाठीं मुंबई सरकारनें १९३८ मध्यें कांदिवली येथें संस्था काढली. इंग्लंडांत त्याच्याही आधीं, १९३४ मध्यें, मैदान राखणाऱ्यांनीं आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. अलीकडे भारतीय क्रिकेट नियामक मंडळही खेळपट्टी करणाऱ्यांस शिकवून त्यांची परीक्षा घेतें. परंतु तालुक्याच्या मैदानावर कबड्डीचें अंगण, खोखोचे खांब, धांवण्याची वाट आणि उडीचा वाळूचा हौद हें सर्व एकाच माणसाच्या हातीं असतें. त्यासाठीं शिक्षणाची योजनाही निराळी हवी.

ती योजना वर्षाच्या चक्रावर बसवावी. मे महिन्यांत उतार तपासणें व पाण्याचे चर मोकळे करणें. पावसाळ्यांत हरळी लावणें, तण काढणें, गवत वेळेवर कापणें. दिवाळीच्या सुमारास रूळ, आखणी व मोजमाप. आणि उन्हाळ्यांत भेगा बुजविणें व अवजारांची दुरुस्ती. दर ऋतूंत दोन-तीन दिवसांचा वर्ग त्या त्या मैदानावरच भरवावा. प्रत्येकानें एक वही ठेवावी: पाणी केव्हां दिलें, रूळ किती वेळ फिरला, पाऊस केव्हां पडला. तीन वर्षांच्या अशा नोंदी कोणत्याही पुस्तकाहून त्या मैदानाविषयीं अधिक सांगतील. ज्या वृद्ध माळ्यानें आयुष्य त्या मातींत घालविलें, त्यास वर्गांत गुरूच्या जागीं बसवावें.

शिकलेल्यास मान आणि वेतनाची पुढची पायरी मात्र दिसली पाहिजे. मदतनीस, मैदानरक्षक, प्रमुख मैदानरक्षक अशा तीन पायऱ्या असाव्यात आणि त्या कामाची परीक्षा घेऊन द्याव्यात. नाहींतर आज शिकविलेला माणूस उद्यां दुसऱ्या रोजगारास जाईल, आणि त्याच्याबरोबर त्या जमिनीचें ज्ञानही जाईल.

सिमेंटच्या बांधकामास एकदां पैसा लागतो. मातीस रोजचा जाणता हात लागतो. नागरिकांनीं आपल्या गांवच्या संकुलाविषयीं विचारतांना, तें बांधण्यास किती खर्च आला, येवढ्यावरच थांबूं नये. तें कोण राखतो आणि त्यास कोणीं शिकविलें, हेंही विचारावें.